पोटपट्ट्याचा संशय

मित्रांनो, मी एक जुना पोटपट्टा आहे आणि माझा कुणावरही चटकन विश्वास बसत नाही. पोटपट्टा म्हणजे बाळंतिणीच्या पोटाला गुंडाळायचं लांब कापड. तुम्ही जन्मलात तेव्हा सगळं घर तुमच्याभोवती गोळा झालं असेल. नाक कुणावर गेलं, कान कुणाचे घेतले, याची चर्चा रंगली असेल. तेव्हा तुमच्या आईच्या पोटाशी माझ्यासारखंच कुणीतरी गप्प बसून होतं. गप्प बसणाऱ्याला पुष्कळ कळतं.

मूळचा मी साडी होतो. कळंब्याच्या शिवम्माच्या सासूची सुती नऊवारी, धुऊन धुऊन मऊ झालेली. शिवम्माला मुलगी झाली तेव्हा सासूने ती साडी उभी फाडली आणि माझा पट्टा झाला. तिने मला असं आवळलं, की शिवम्माच्या डोळ्यांत पाणी आलं. "जेवढा घट्ट, तेवढं प्वाट आत," सासू म्हणाली. पुढे गल्लीतल्या सात जणींनी मला मागून नेलं. शिवम्माच्या पट्ट्याला गुण आहे, असं बायका म्हणायच्या. ते ऐकून माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं. खोटं कशाला बोलू?

मग पुष्कळ वर्षं मी ट्रंकेत डांबरगोळ्यांच्या वासात पडून होतो. औषधाच्या दुकानांत ताणणारे, चिकटणारे पट्टे आले होते. त्यांच्यावर माझा पहिल्यापासून संशय. खोक्यावर सपाट पोटाची बाई हसत असते. ती कधी बाळंत झाली असेल असं मला अजिबात वाटत नाही.

शिवम्माची तीच मुलगी, विद्याश्री, यंदा बाळंतपणाला माहेरी आली. ती एस.टी.त कंडक्टर आहे. कोल्हापूर-चंदगड गाडीवर, वळणावळणांच्या रस्त्याने, चालत्या गाडीत उभी राहून ती तिकिटं देते. परीक्षा देऊन मिळवलेली नोकरी, आणि तिला ती फार आवडते. दुकानातल्या पट्ट्याने तिच्या अंगावर पुरळ उठलं, तेव्हा ट्रंक उघडली गेली.

पोटपट्टा सव्वा महिन्याने सोडायचा असतो. पण सव्वा महिना झाला तरी विद्याश्रीचं पोट पुढेच होतं. शिवम्माने मला सोडलं नाही. उलट रोज बोटभर जास्त ओढू लागली. दोन महिने झाले, अडीच झाले.

एव्हाना मला विद्याश्रीचाच संशय येऊ लागला होता. आईने दिलेलं तांब्याभर पाणी ती गुपचूप मोरीत ओतायची. शिंक येतेय असं वाटलं, की आधी पायाला पाय घट्ट लावायची. शेजारीण काही गमतीचं सांगू लागली, तर उठून आत जायची. एकदा बाळाला पाळण्यातून उचलताना तिला खोकला आला आणि माझी खालची कड ओली झाली.

"काय झालं गं?" शिवम्माने विचारलं.

"काय न्हाय अव्वा. बाळानं केली."

बाळाचा लंगोट कोरडा ठणठणीत होता. ते मला दिसत होतं. अडीच महिन्यांच्या पोरावर आळ घ्यायची वेळ यावी, असं या बाईला झालंय तरी काय?

त्याच दिवशी तिने फोनवर नवऱ्याला, शशिधरला, सांगितलं, "मी नोकरी सोडतीया. बाळाकडं बघाय पाहिजे." त्याला ते खरं वाटलं. फोन ठेवल्यावर ती उशीत तोंड खुपसून रडली. मला तिची फार काळजी वाटली, आणि रागही आला. निदान आईला तरी सांगायचं होतं.

बाळाला लस द्यायला दवाखान्यात गेल्यावर तिथल्या नर्सने विद्याश्रीचं पुढे आलेलं पोट बघून स्नेहलचं नाव सुचवलं. बाळंतिणींना तपासून व्यायाम शिकवणं हे स्नेहलचं काम. ती घरी आली तेव्हा शिवम्मा पुटपुटली, "कायतरी इकाय आली आसंल." मलाही नेमकं तेच वाटलं. हातात पिशवी, गोड बोलणं. आता तेलाच्या, टॉनिकच्या बाटल्या बाहेर निघतील म्हणून मी वाट बघत राहिलो.

बाटल्या निघाल्या नाहीत. तिने नुसते प्रश्न विचारले. झोप किती होते? जेवण काय असतं? पाणी किती पिता? उगाच रडू येतं का?

"पोटाचं बघाय आलीस न्हवं बाई?" शिवम्मा म्हणाली. "रडायचं काय इचारतीस?"

"सगळंच बघावं लागतं, काकू. झोप नाही, पोटात पाणी नाही, मन ठिकाणावर नाही, तर नुसता व्यायाम काय करणार?"

मग तिने मला सोडलं आणि विद्याश्रीचं पोट बोटांनी चाचपलं. "इथले स्नायू मधून फाकलेत. ते आवळून जुळत नाहीत," ती म्हणाली, आणि आवाज खाली आणून विचारलं, "खोकला आला की लघवी सुटते का?"

विद्याश्रीने तोंड भिंतीकडे वळवलं. मग म्हणाली, "सुटती. आन् पन्नास माणसांसमोर गाडीत सुटली, तर काय करू? म्हणून नोकरीच सोडाय लागलीया."

"हे दुखणं आहे, लाज नव्हे. पुष्कळ जणींना होतं, आणि व्यायामाने बहुतेकींना फरक पडतो. पण पट्टा एवढा आवळू नका. सगळा जोर खाली जातो, आणि खालचे स्नायू आणखी दमतात."

मी संतापलो. माझ्या गुणावर बोट ठेवणारी ही कोण? पण तेवढ्यात शिवम्मा खाली बसली.

"मला बी सुटती," ती म्हणाली. "हिच्या येळच्या बाळंतपणापास्नं."

"अव्वा, एकोणतीस वर्षं?"

"मला वाटलं, बायकांचं आसंच आसतंय."

"म्हणून तू माझ्या गाडीत कधी बसली न्हाईस?"

"तीन तासांचा रस्ता गं. मधीच उतरून कुठं जायचं?"

मित्रांनो, खोक्यावरच्या बाईवर, विद्याश्रीवर, स्नेहलवर, सगळ्यांवर मी संशय घेतला. स्वतःवर कधी घेतला नाही. एकोणतीस वर्षांपूर्वी शिवम्माच्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा तिच्या पोटाला मीच होतो. त्या पाण्यालाच मी माझा गुण समजलो. मला फार वाईट वाटलं.

स्नेहलने दोघींनाही सतरंजीवर झोपवलं. श्वास कसा घ्यायचा, खालचे स्नायू कसे आवळायचे आणि सोडायचे, हे शिकवलं. दोघींना डॉक्टरांकडेही पाठवलं. दुपारी बाळ शिवम्माकडे आणि विद्याश्रीला दोन तास झोप, असं ठरलं. तरी महिनाभर काही फरक दिसेना, तेव्हा माझा संशय पुन्हा वर आला. मग हळूहळू पाणी मोरीत जायचं थांबलं. शेजारणीच्या एका गोष्टीवर विद्याश्री पोट धरून हसली, आणि पळाली नाही. सुट्टी संपल्यावर ती चंदगडच्या गाडीवर हजर झाली. शिवम्माचं दुखणं जुनं आहे. ती अजून त्या गाडीत बसलेली नाही, पण व्यायामाचा एक दिवस चुकवत नाही.

मला आता कुणी आवळत नाही, आणि माझी तक्रार नाही. फक्त एवढं करा. कुणाच्या घरी बाळ बघायला गेलात, तर त्याच्या आईजवळही बसा. ती कशी आहे, ते विचारा. ती हसून "बरी आहे" म्हणाली, तर लगेच विश्वास ठेवू नका. पुन्हा विचारा.