सतरावी साक्षीदार

१९८८ च्या मे महिन्यात तलासरीहून लग्नाला निघालेली एक जीप उघड्या फाटकावर गाडीखाली सापडली. उघडं फाटक म्हणजे नुसताच रस्ता रुळांवरून जातो ते. तिथे दांडा नसतो, माणूस नसतो, फक्त ‘थांबा, पाहा, जा’ असा पत्रा असतो. जीपमध्ये एकोणीस माणसं कोंबलेली होती. त्यातली अकरा गेली.

चौकशीला मुंबईहून गुप्तेसाहेब आले. त्यांचा स्टेनो आजारी पडला, म्हणून डहाणूच्या रेल्वे ऑफिसातल्या वसुमती सावे यांना जबान्या उतरवायला बसवलं. वसुमतीबाई बारा वर्षं नोकरीत होत्या. समोरचा जे बोलेल ते, तेवढंच आणि तसंच कागदावर यायचं, ही त्यांची ख्याती होती.

स्टेशनातल्या वेटिंग रूममध्ये टेबल मांडलं होतं. दाराबाहेर स्टुलावर शिपाई दशरथ बसून एकेकाला आत सोडत होता. पहिल्या दोन दिवसांत यादीतले सोळाही जण झाले, पण आणखी कुणी आलं तर म्हणून टेबल तसंच ठेवलं होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी साहेब जेवायला गेले. वसुमतीबाई पंख्याखाली पेन्सिलीला टोक करत होत्या, तेवढ्यात समोरच्या खुर्चीत एक बाई येऊन बसलेली त्यांना दिसली. तिशीची, सडपातळ, गुडघ्यापर्यंत नेसलेलं लुगडं. लुगड्याच्या काठातून पाणी टपकत होतं. नळावर पाय धुऊन आली असेल, असं वसुमतीबाईंना वाटलं.

“साहेब जेवायला गेलेत. थांबतेस?”

“नाय बाय. तुमी लिवा.”

“नाव?”

“सुकी. नवऱ्याचा नाव लडक्या. घोलवडच्या वाडीवर चिकू काढताव.”

वसुमतीबाईंनी वही ओढली. सुकी सावकाश बोलत होती, लिहिणाऱ्याचा हात पोचेल इतक्या सावकाश.

“आमी चौदा बाया होताव. टेम्पोवर निळी ताडपत्री बांधलेली. पाऊस लय होता, म्हनून मागून काय दिसत नव्हता. गवरीचा आदला दिस. फाटकावर एक गाडी गेली. डायवर बोलला, गेली गाडी, आनि टेम्पो घातला. दुसरी गाडी दुसऱ्या बाजूनं आली.”

“तुम्हाला शिट्टी ऐकू आली?”

“मना कायच ऐकू आला नाय. पाऊस दिसत होता, पन त्याचा आवाज नव्हता. केळीची पाना हलत होती, त्यांचा बी आवाज नव्हता.”

“मग पुढे?”

“पुढं काय नाय, बाय.”

वसुमतीबाईंनी शाईचा पॅड सरकवला. सुकीनं अंगठा उमटवला. त्यावर तिरपा वण होता, कोयत्याचा असावा. जबानीला सतरावा क्रमांक घालून त्यांनी मान वर केली, तेव्हा खुर्ची रिकामी होती.

साहेब आल्यावर टाइप केलेला कागद वाचू लागले आणि त्यांनी चष्मा काढला.

“बाई, अपघात जीपचा आहे. हा टेम्पो कुठून आला? आणि मे महिन्यात पाऊस?”

वसुमतीबाईंचा हात थांबला. त्या लिहीत होत्या तेव्हा त्यांना हे खटकलं कसं नाही, ते त्यांनाच कळेना. त्यांनी दशरथला हाक मारली.

“दशरथभाऊ, दुपारी जी बाई आत सोडलीत, ती कुठली?”

“कोनी नाय सोडली, बाई. मी उठलोच नाय दारातून.”

“फाडून टाका ते,” साहेब म्हणाले.

त्यांनी फाडलं नाही. खुर्चीखालची फरशी ओली होती.

रविवारी त्या दशरथला घेऊन घोलवडला गेल्या. स्टेशनापासून थोडं पुढे रूळ ओलांडून वाड्यांकडे जाणारा रस्ता होता, तिथेही तसाच पत्रा. एका बाजूला केळीची रांग रुळांपर्यंत आलेली. पहिल्याच वाडीत सावलीत बायका चिकू निवडून खोक्यांत भरत होत्या. त्यांत ती होती. शेजारणीला कोपरानं ढोसत हसत होती.

वसुमतीबाईंचे पाय जागीच थांबले. “सुकी ना तू?”

“हां. तुमी कोन?” तिच्या डोळ्यांत ओळख नव्हती.

“तू परवा डहाणू स्टेशनात आली होतीस?”

“मी? घोलवडच्या पलीकडं मी कवा गेली नाय बाय. ये गंगी, मी गेली का कुठं परवा?” गंगी म्हणाली की सुकी अख्खा आठवडा तिच्या शेजारीच बसून खोकी भरत होती.

“तुम्ही कामावर कशा येता?”

“चालत. आता शेठ टेम्पो घेनार हाय, पावसात आनाय-न्यायला.”

परतताना दशरथ म्हणाला, “बाई, आमच्याकडं भगत हाय. त्याला विचारू.”

“भगत फाटकावर माणूस ठेवून देईल का?”

दशरथ स्टेशनाकडे चालू लागला.

पुढच्या रविवारी त्या अर्ज घेऊन गेल्या. ‘आमच्या फाटकावर माणूस द्यावा.’ चौदा बायकांनी अंगठे उठवले. घरी येऊन त्यांनी अर्जावरचा सुकीचा अंगठा त्या जबानीवरच्या अंगठ्याशेजारी धरला. वण तसाच, तेवढाच तिरपा. त्यांनी दोन्ही कागद उलटे करून ठेवले आणि नवरा येईपर्यंत त्या गॅलरीत बसून राहिल्या.

अर्ज गुप्तेसाहेबांनी परत केला. रस्त्यावर वाहनं किती, गाड्या किती, याचा हिशोब असतो आणि त्यात हे फाटक बसत नव्हतं. “शिवाय तिथे अजून एकही अपघात नाही,” ते म्हणाले. ते वाईट माणूस नव्हते. नियम तसाच होता.

मग वसुमतीबाईंनी आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. चौकशीचा अंतिम अहवाल त्यांच्याच हातात होता. एकतीस पानांत त्यांनी सतरावी जबानी घातली आणि शिफारशीत जीपच्या फाटकाखाली घोलवडच्या फाटकाचा क्रमांक टाइप केला. साहेबांना त्या दिवशी परतीची गाडी गाठायची होती. त्यांनी दारात उभ्या उभ्या सगळ्या प्रतींवर सह्या केल्या.

जून गेला, जुलै गेला. वाडीवर टेम्पो आल्याचं दशरथनं सांगितलं. ताडपत्री कुठल्या रंगाची, हे त्यांनी विचारलं नाही. ऑगस्ट संपला. अखेर गणपतीच्या आठवडाभर आधी हुकूम आला, दोन्ही फाटकांवर तात्पुरता माणूस आणि साखळी. घोलवडला पांड्या नावाचा जुना गँगमन नेमला गेला.

गौरीच्या आदल्या दिवशी वसुमतीबाईंनी रजा टाकली.

सकाळपासून धो-धो पाऊस होता. दहाच्या सुमाराला त्या छत्री धरून पांड्याच्या पत्र्याच्या शेडशी उभ्या होत्या. साखळी लावलेली होती. सणासाठी बायकांना लवकर घरी सोडायला निघालेला टेम्पो पलीकडून आला आणि थांबला. ताडपत्री निळी होती. मुंबईकडून एक गाडी आली, धडधडत गेली. तिचा शेवटचा डबा सरतो न सरतो तोच ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढलं.

“गेली ना गाडी! काढ की साखळी.”

“थांब जरा.”

“काय थांब? शेठ मला शिव्या घालेल.”

पांड्यानं सुरतेच्या बाजूला पाहिलं. पाऊस आणि गेलेल्या गाडीची पाठ, याशिवाय तिकडे काही दिसत नव्हतं. त्याचा हात साखळीच्या आकड्यावर गेला.

“पांड्या, नको!” वसुमतीबाई ओरडल्या. पण तो ओरडा त्यांना स्वतःलाच ऐकू आला नाही.

छत्रीवर पाऊस पडत होता, त्याचा आवाज नव्हता. केळीची पानं फाटायला आल्यासारखी हलत होती आणि सगळीकडे शांत होतं, कानात कापूस कोंबल्यासारखं. पांड्या आकडा न काढता तोंड उघडून त्यांच्याकडे बघत होता. टेम्पोच्या मागून ताडपत्रीचा कोपरा वर झाला आणि सुकीचा चेहरा बाहेर आला. ती इकडेतिकडे नाही, थेट वसुमतीबाईंकडे बघत होती. त्या दुपारी खुर्चीत बसली होती, तशीच निवांत.

मग दोघींच्या मध्ये दुसरी गाडी आली. सुरतेकडून आलेली ती लांबलचक गाडी एकही आवाज न करता डोळ्यांसमोरून जात राहिली.

शेवटचा डबा गेला आणि पावसाचा आवाज एकदम कानांवर आदळला. ड्रायव्हर स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसला होता. पांड्या साखळी धरून नुसताच उभा होता. वसुमतीबाईंनीच आकडा काढला. टेम्पो हळूहळू रूळ ओलांडून आला आणि त्यांच्यापाशी थांबला.

“बाय, तुमी लय भिजल्या,” सुकी वाकून म्हणाली. “हात द्या, वर या.”

तिचा हात गरम होता. वसुमतीबाई स्टेशनपर्यंत त्या चौदा बायकांत दाटीवाटीनं बसून गेल्या. गवरीच्या गाण्यांवरून त्यांचा वाद चालला होता. कुणालाच काही वेगळं वाटलेलं दिसत नव्हतं.

वर्षभरानं कुणीतरी अहवाल नीट वाचला. साक्षीदारांच्या यादीत सोळा नावं आणि जबान्या सतरा. वसुमतीबाईंना खुलासा विचारला गेला. त्यांनी एकच ओळ लिहिली, ‘साक्षीदार समक्ष हजर होती.’ सेवापुस्तकात ठपका बसला. फाटकावरचा माणूस मात्र कुणी काढला नाही. एकदा नेमलेला माणूस काढायला वेगळा हुकूम लागतो.

त्यानंतर गुप्तेसाहेब एकदा डहाणूला आले. वेटिंग रूममध्ये चहा घेताना त्यांनी दशरथला बाहेर पाठवलं.

“बाई, ती खरंच आली होती?”

“आली होती, साहेब.”

साहेबांनी कप खाली ठेवला.

“माझ्या हद्दीत अशी अजून सहासष्ट फाटकं आहेत,” ते हळू म्हणाले. “तिथून कुणी आलं का?”

“नाही, साहेब.”

त्यांनी बॅगेतून एक यादी काढली आणि टेबलावर ठेवली. “पहिल्यापासून घेऊ या. रोज एक अर्ज. लिहा.”

वसुमतीबाईंनी वही उघडली.