गादी उबदार, उंदीर गार

मी एक जुनी गरम गादी आहे. मित्रांनो, गादी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे पलंग आला असेल, तर तो जरा बाजूला सारा. मी जेमतेम तुमच्या चित्रकलेच्या वहीएवढी. माझ्या पोटात बारीक तारांचे वेटोळे आहे, वरून गुळगुळीत निळसर आवरण आहे आणि माझ्यावर झोपतात ते पांढरेशुभ्र उंदीर. हसलात ना? हसा, हसा. मलाही पहिल्या दिवशी हसूच आले होते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे बायका लांब टेबलाशी ओळीने बसून तारा वळत. तोंडाने घरादाराच्या गप्पा चालू असत, पण हात चुकत नसत. मला तासभर तापवून पाहिले, पुन्हा थंड केले आणि खोक्यात घातले. खोके उघडले ते औषधशास्त्राच्या प्रयोगशाळेत. भिंतीशी मोठा फ्रीज घरघरत होता, बेसिनमध्ये काचेची भांडी पालथी घातली होती आणि सगळीकडे स्पिरिटचा वास भरला होता. ज्यांनी मला बाहेर काढले, त्यांना तिथे सगळे ताई म्हणत. ताई बोलत फार हळू. त्यांचे बोलणे ऐकायचे तर बाकीच्यांना गप्प बसावे लागे, आणि गंमत म्हणजे सगळे बसतही.

आता आमचे काम काय ते सांगते. मेंदूला रक्त पोचवणाऱ्या नळीत कधी कधी गुठळी अडकते. मग मेंदूचा तेवढा भाग उपाशी राहतो, माणसाचा हात लुळा पडतो, तोंड वाकडे होते, बोलणे अडखळते. यालाच पक्षाघात म्हणतात. (कुणाला असे होताना दिसले, तर घरगुती उपाय करत बसू नका हं. ताबडतोब दवाखाना गाठायचा.) ताईंना असे औषध हवे होते, की जे त्या उपाशी भागाला तग धरायला मदत करील. ते त्यांना मेंदूतच सापडले. मेंदूच्या पेशी एकमेकींना निरोप धाडतात, त्यासाठी त्या पेप्टाइड नावाच्या इवल्या माळा ओवतात. पेप्टाइड म्हणजे प्रथिनांच्या मण्यांची आखूडशी माळ. अशीच एक माळ ताईंनी हुबेहूब बनवून घेतली होती.

ही माळ पारखायची, तर शस्त्रक्रियेने उंदराच्या मेंदूची एक रक्तनळी बंद करून पाहावी लागे, आणि त्याआधी त्याला गुंगीचे औषध देत. गुंगीत अंग गार पडते, म्हणून त्याला माझ्यावर निजवत. एक नाजूक तार त्याच्या अंगाची उष्णता मला कळवी. कमी झाली की मी तापायची, पुरेशी झाली की थांबायची. हा माझा नेम मी कधी मोडला नाही. ताईंचाही एक नेम होता. रोज काम सुरू करण्याआधी त्या क्षणभर हात जोडून उभ्या राहत. कोणापुढे, माहीत आहे? पिंजऱ्यांपुढे. ज्या मुक्या जिवांमुळे आपण शिकतो, त्यांचे ऋण मानल्याशिवाय त्या हातमोजे चढवत नसत.

शस्त्रक्रिया झाली की उंदीर पिंजऱ्यात जाई आणि तिथे त्याला सुई मिळे. काहींना औषधाची, काहींना नुसत्या मिठाच्या पाण्याची. कुप्यांवर आणि पिंजऱ्यांवर फक्त पिवळे आणि निळे ठिपके. कोणता ठिपका औषधाचा, हे प्रयोगशाळेच्या प्रमुखांखेरीज, म्हणजे मोठ्या सरांखेरीज, कोणाला ठाऊक नव्हते. ताईंनाही नाही. आपल्याला औषधाचे कौतुक वाटते, म्हणून आपले डोळे त्याच्या बाजूने पाहतील, अशी त्यांना धास्ती होती.

काही दिवसांनी उंदरांना अरुंद फळीवरून चालायला लावले. निळ्या ठिपक्यांच्या उंदरांचे पाय सटासट घसरत होते. पिवळे मात्र शेपटी उंचावून अशा रुबाबात निघाले, जणू फळी त्यांच्या नावावरच होती! सरांनी गुपित फोडले. पिवळा म्हणजे औषध!

मग काय विचारता! मोठे सर आनंदाने खोलीत येरझाऱ्या घालू लागले. परिषदेत भाषण ठरले. दवाखान्यातल्या रुग्णांना औषध द्यायची योजना आखायला घेतली. आणि मला कुणीतरी घडी घालून कापसाच्या गुंडाळ्यांखाली खणात कोंबले. मित्रांनो, गरम गादीची घडी घालायची नसते हो. माझी एक तार दुमडली, ती अजून दुखते. काम संपले की आठवणही संपते, असे मला तेव्हा वाटले.

खण अर्धवट उघडा होता, म्हणून पुढचे सगळे मला दिसले.

औषधाने काही त्रास तर होत नाही ना, हे पाहायला नव्या, धडधाकट उंदरांना त्याच पिवळ्या आणि निळ्या कुप्यांतल्या सुया देणे चालू होते. ताई उंदीर उचलत, ठेवत, पुन्हा उचलत. त्यांच्या कपाळाला आठी पडली. तेवढ्यात मोठे सर आले.

"सर, एक बोलू? रागावणार नाही ना?"

"असं विचारलंस की मला आधीच धडकी भरते. बोल."

"पिवळ्या ठिपक्याचे उंदीर हाताला गार लागतात."

"अगं, पंख्याखाली असतील."

"सगळे एकाच खोलीत आहेत, सर. मी डोळे मिटून सांगते, कुठला पिवळा आणि कुठला निळा."

"जादूचे प्रयोग सुरू केलेस की काय?"

उंदरांची देखभाल करणारे काका दारातून आत आले. असली मजा ते कसली सोडतात! "होऊन जाऊ द्या, ताई! मी देतो एकेक हातात. चुकलात तर चहा तुमच्याकडून."

"आणि नाही चुकले तर?"

"तर सरांकडून. मी आपला कुठूनही पिणार!"

ताईंनी डोळे मिटले. काकांनी एक उंदीर त्यांच्या ओंजळीत ठेवला. "पिवळा." दुसरा. "निळा." तिसरा, चौथा... काकांनी मुद्दाम तोच उंदीर परत दिला, तर ताई म्हणाल्या, "काका, हा मघाचाच." काका खो खो हसले. सर हसले नाहीत. ते खुर्चीत बसले.

कारण त्यांना कळले होते. अंग थोडे गार झाले, की उपाशी मेंदूला भूक कमी लागते आणि तो जास्त वेळ तग धरतो. मग उंदरांना वाचवले ते औषधाने, की औषधाने आलेल्या गारव्याने?

"वाचले ना शेवटी? मग कशाने का वाचेनात!" सर म्हणाले.

"दवाखान्यात तसं नाही होणार, सर. रुग्णाला ताप असेल. घरचे मायेने रजया पांघरतील. अंग गरमच राहिलं तर औषध नापास होईल, आणि का झालं ते कुणाला कळणारही नाही. त्या माणसाचा हात मात्र गेलेला असेल."

"सगळ्यांना सांगून बसलोय मी. आता कोणत्या तोंडाने..."

"याच तोंडाने, सर. चांगलं तर आहे," ताई हळूच म्हणाल्या. आणि इतक्या काळजीतही सरांना हसू फुटले.

उपाय एकच होता. शस्त्रक्रियेनंतर औषध द्यायचे आणि उंदराला गार होऊच द्यायचे नाही. त्यासाठी कोण हवे? मी! ताईंनी मला खणातून काढले, घडी उलगडली, दुमडलेली तार बोटांनी सरळ केली.

मित्रांनो, खरे सांगते, मला आनंद झाला आणि भीतीही वाटली. मी नीट काम केले तर ताईंचे औषध हरू शकत होते. पण थोडी कमी तापले असते, तर तो निकाल खोटा ठरला असता. मी माझा नेम पाळला. औषध मिळालेले उंदीर तासन्तास माझ्यावर निजले, आणि त्यांच्या अंगाची ऊब मी कणभरही उतरू दिली नाही.

पुन्हा फळी मांडली. ताई, सर, काका, तिघेही फळीशी वाकून उभे. पहिला उंदीर चढला आणि त्याचा पाय घसरला. दुसऱ्याचाही. ज्यांना मी उबदार ठेवले होते, ते सगळे निळ्यांसारखेच धडपडले. आयुष्यभर मी समजत होते की ऊब म्हणजे माया. त्या दिवशी माझ्याच उबेने त्या जिवांचे रक्षण काढून घेतले होते.

सरांनी चष्मा काढला आणि ते तो उगाच पुसत राहिले. "म्हणजे सगळी मेहनत फुकट?"

"फुकट कशी?" ताईंचा चेहरा उजळला होता. "सर, बर्फ लावून बाहेरून गार केलं की अंग हट्टाला पेटतं, कुडकुडतं, पुन्हा तापतं. हे औषध मेंदूलाच आतून समजावतं, जरा गार हो बाबा. आणि मेंदू ऐकतो!"

सरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "घरात माझं कुणी ऐकत नाही, आणि ही चिमुकली माळ अख्ख्या मेंदूला ऐकायला लावते? हे सांगण्यासारखं आहे! भाषण बदलायचं. आणि ते तूच करायचंस." काकांनी लगेच चहाची आठवण करून दिली.

परिषदेत ताई नेहमीसारख्याच हळू बोलल्या म्हणे, आणि अख्खे सभागृह चिडीचूप झाले. हे मला काकांनी सांगितले, म्हणजे उंदरांना सांगितले, मी ऐकले. दवाखान्याची योजनाही नव्याने लिहिली गेली. औषध माणसांपर्यंत पोचायला अजून अवकाश आहे. पण त्या योजनेत आता ठळक लिहिले आहे, की औषध दिल्यावर रुग्णाला गुंडाळून ठेवू नये आणि त्याच्या अंगाची उष्णता सतत मोजावी. पांघरुणावर बंदी आली, आणि तीही एका गरम गादीच्या साक्षीने! सांगा, हसू की रडू?

मी हसायचे ठरवले आहे. मित्रांनो, कामाच्या वस्तूंना काम संपल्यावरही जपा, त्यांना घडी घालून कोंबू नका, एवढे मागणे आहेच. पण आणखी एक मागते. जी गोष्ट खरी निघावी असे तुम्हाला मनापासून वाटते, तिलाच सगळ्यात आधी हात लावून पाहा. ताईंच्या औषधाला हरवण्यासाठी मी माझी सगळी ऊब पणाला लावली होती. त्यातून जे उरले, की हे औषध मेंदूला गार करूनच वाचवते, त्यावर आता कुणीही निर्धास्तपणे भरवसा ठेवावा.