दोन्ही हात मोकळे

चित्रकारबाईंना कुणी हसलेलं खपत नसे, आणि त्या दुपारी वाचनालयात लोक नेमके त्यांच्याच चित्रांना हसत होते. विज्ञानकथांच्या एका मासिकाची मुखपृष्ठं त्यांनी अठ्ठावीस वर्षं रंगवली. मासिक केव्हाच बंद पडलं, पण नव्या ग्रंथपाल मुलीला माळ्यावर त्याचे गठ्ठे सापडले आणि तिने हौसेने प्रदर्शन मांडलं. उडत्या मोटारी, चंद्रावरची घरं खिडकीतल्या कुंड्यांसकट, भांडी घासणारा लोखंडी नोकर. प्रत्येकाखाली चिठ्ठी होती: खरं झालं, नाही झालं, थोडंफार झालं.

सगळ्यात जास्त हशा चित्रफोनला. भिंतभर पडदा, खाली रेडिओसारखी बटणं, आणि समोर कोट घालून, केस चापून बसवलेला माणूस लग्नाला निघाल्यासारखा उभा.

"अख्खी भिंत अडवणारा फोन," एक गृहस्थ खिशातून मोबाइल काढत म्हणाले. "आणि हा बघा, मुठीत मावतो."

"मुठीत मावतो म्हणून तर त्यावर दिवसभर भाजी कुठली आणू एवढंच विचारता," चित्रकारबाई म्हणाल्या. "आमच्या माणसाला जगात कुठेही असलेलं माणूस दिसणार होतं, म्हणून तो आंघोळ करून उभा राहिला. त्यात हसण्यासारखं काय आहे?"

गृहस्थ पुढच्या चित्राकडे सरकले.

आता खरं सांगायचं तर बाई मनातून थक्क होत्या. जे रंगवताना संपादकसुद्धा "जरा आवरतं घ्या" म्हणायचे, ते शेजारपाजारचे लोक जांभया देत वापरत होते. याचं त्यांना अप्रूप होतं, पण तसं कबूल करतील तर त्या चित्रकारबाई कसल्या. स्वतःच्या घरी त्यांनी साधा बटणांचा फोन ठेवला होता, आणि तोही बहुतेक वेळा उचलत नसत.

म्हणूनच परदेशातल्या भाचीने प्रदर्शनाच्या जाहिरातीतला नंबर शोधून वाचनालयात फोन केला. ग्रंथपाल आपला मोबाइल घेऊन धावतच आली. भाची सांगत होती, आईची नजर भराभर उतरतेय. डॉक्टर म्हणतात, आणखी पाचसहा महिने, मग नुसता उजेड आणि अंधार कळेल. "मावशी, तिला तुझ्याशी बोलायचंय. आत्ता. समोरासमोर."

बाई खुर्चीत बसल्या त्या बसल्याच. ही आई म्हणजे त्यांची धाकटी बहीण, आणि धाकटी जन्मापासून बहिरी. लहानपणी दोघींनी मिळून हातांची एक भाषा बनवली होती. घरात ती तिसऱ्या कुणाला धड येत नसे, भाचीलाही कामापुरतीच. डॉक्टर असो, दुकानदार असो, पुढे सासरची माणसं असोत, जगाशी धाकटी बोलली ती ताईच्या तोंडून. अकरा वर्षांपूर्वी ती लेकीकडे, सातासमुद्रापार राहायला निघाली. आदल्या दिवशी दोघींचं कडाक्याचं वाजलं आणि रागाच्या भरात ताईचे हात म्हणाले, "जा. सुटले मी एकदाची." दुसऱ्या दिवशी ताई निरोपालाही गेली नाही.

धाकटीचं लिहिणं दोन ओळींपलीकडे कधी गेलं नाही. मग पत्रं यायची ती भाचीची, आई बरी आहे, तू कशी आहेस. ते शब्द परत घ्यायचे तर हातांनीच घ्यायला हवेत, आणि हात पोस्टाने पाठवता येत नाहीत. आता तर पाहणारे डोळेच चालले होते.

"लाव," बाई म्हणाल्या.

मोबाइलवर धाकटी उगवली. केस पांढरेशुभ्र, चष्मा जाड, पण हनुवटी तीच, हट्टी. इतकी वर्षं हे मूठभर यंत्र प्रत्येकाच्या खिशात होतं आणि आपण ऐटीत बटणांचा फोन धरून बसलो, याची त्यांना मनापासून लाज वाटली.

त्यांनी मोबाइल उजव्या हातात घट्ट धरला आणि डाव्या हाताने बोलायला लागल्या. पण दोघींच्या भाषेला दोन हात लागत. एका हाताने निम्मेच शब्द उमटत होते, आणि जे उमटत होते तेही पडद्याबाहेर जात होते. पलीकडे धाकटी काचेला नाक लावून बघत होती. तिने मान हलवली. दिसत नाही.

बाईंनी हात बदलला. तरी तेच. त्यांचे डोळे भरून आले. "हे मुठीत धरून बोलणाऱ्यांसाठी केलंय," त्या ग्रंथपालला म्हणाल्या. "हातांनी बोलणाऱ्यांनी कुठे धरायचं?"

पोरगी चुणचुणीत होती. तिने मोबाइल हातातून काढून घेऊन पुस्तकांच्या चळतीला टेकवला, कुठली तरी दोन बटणं दाबली, आणि व्याख्यानांसाठी भिंतीवर लावलेल्या मोठ्या टीव्हीत धाकटी आली, डोक्यापासून कमरेपर्यंत. तिकडे भाचीनेही तसंच केलं असावं, कारण धाकटी एकदम मागे सरली आणि तिचा चेहरा उजळला. तिला आता ताई दिसत होती, हातांसकट.

वाचनालयातलं हसणं थांबलं होतं. मघाचे गृहस्थसुद्धा येऊन उभे राहिले होते. बाईंना त्याची शुद्ध नव्हती. त्यांनी पदराने डोळे पुसले, केस सारखे केले आणि दोन्ही हात उचलले.

"त्या दिवशी मी जे बोलले, ते परत घेते," त्यांचे हात म्हणाले. "अकरा वर्षं झोप लागली नाही मला."

धाकटीच्या कपाळाला आठी पडली. "काय बोललीस?"

"भांडलो तेव्हा. शेवटी."

"शेवटचं मी पाहिलंच नाही. मी डोळे मिटून रडत होते. उघडले तर तू पाठ फिरवून चालली होतीस. दुसऱ्या दिवशीही आली नाहीस. मी तेवढ्यावरच रागावले. काय बोलली होतीस?"

बाईंचे हात हवेत तसेच राहिले. जे शब्द त्या अकरा वर्षं उशाला घेऊन झोपत होत्या, ते समोरच्या माणसापर्यंत पोचलेच नव्हते. खरं काय ते सांगायचं, तर त्या रागाच्या तळाशी जे होतं तेच खरं होतं.

"जाऊ नकोस, म्हणाले होते," त्यांनी सांगितलं.

"ते पाहिलं असतं," धाकटीचे हात सावकाश म्हणाले, "तर मी गेलेच नसते."

बाईंना रडू आवरेना. पण हात खाली घेतले असते तर बोलणं थांबलं असतं, आणि पाहणारे डोळे तिकडे अजून पाहत होते. म्हणून त्यांनी डोळे पुसलेच नाहीत. तशाच रडत, दोन्ही हातांनी, त्या बोलत राहिल्या.