मुशीतला प्राणवायू

धातू वितळवायचं पांढरं भांडं, म्हणजे मूस, खिडकीच्या उजेडात धरून भट्टीवाल्या काकांनी आतून बोट फिरवलं. "बाई, ही कुरतडलीय बघ. तुझ्या धातूंनी हिच्यातलं काहीतरी गिळलंय."

प्रयोगशाळेत सगळेच त्यांना काका म्हणत. जिला ते हे सांगत होते ती मात्र बाबा म्हणे, कारण ती त्यांची मुलगी. धातू वितळवून स्फटिक वाढवायचं काम त्यांचं. त्या स्फटिकात कुठला अणू कुठे बसलाय हे क्ष-किरणांनी शोधायचं काम तिचं. हा नवा, थरावर थर रचलेला स्फटिक आठ महिने तिला दाद देत नव्हता. महिनाअखेरपर्यंत अणूंची रचना उलगडली नाही, तर काम गुंडाळायचं होतं.

"बाबा, तुम्ही भट्टी सांभाळा. अणूंचं मी बघते."

"बघा बुवा. आम्ही आपले कोळसेवाले!" विजेच्या भट्टीवर थाप मारून ते हसले आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, बुटाची नाडी बांधता बांधता ते कोसळले, ते गेलेच.

पंधरा दिवसांनी ती कामावर आली. तिने मांडलेल्या रचनेचं गणित आणि क्ष-किरणांचं मोजमाप यांत अजूनही अकरा टक्क्यांचा फरक होता. संगणकावरच्या अणूंच्या नकाशात धातूच्या दर दोन थरांमध्ये एक फिका ठिपका उरायचा. उपकरणाचा दोष म्हणून ती तो झटकत आली होती. आज तिने ती मूस हातात घेतली. बोटाला खड्डे लागले. मूस बनते त्या पदार्थात प्राणवायू ठासून भरलेला असतो, हे तर तिला पाठ होतं!

तिने गणितात ठिपक्याच्या जागी प्राणवायूचा अणू बसवला. अकराचे झाले अडीच.

तिचा विश्वास बसेना. मोजून प्राणवायू घालून तिने नवा स्फटिक वाढवला. तंतोतंत तेच: धातूचा थर, प्राणवायूची जाळी, पुन्हा धातू. अशी रचना आजवर कुणी पाहिली नव्हती.

बैठकीत पडद्यावर चित्र उमटलं आणि विभागप्रमुख बाई खुर्चीतून उठल्याच. "अगं, मैदान मारलंस की! सुचलं कसं तुला?"

टाळ्या थांबेपर्यंत ती थांबली.

"मला नाही सुचलं. बाबांनी सांगितलं होतं, मी उडवून लावलं." मग त्यांच्यासमोर जे कधीच तोंडातून निघालं नव्हतं, ते ती सगळ्यांदेखत मोठ्याने बोलली, "बाबा, तुमचं बरोबर होतं. मी चुकले."