नाव टाइप करा

दुसऱ्यांना सिगारेट सुटत नाही, मला लिनक्स सुटत नाही. लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टिम, तिचे प्रकार शेकडो. दर महिन्याला एखादं नवं लिनक्स उतरवायचं, पेन ड्राइव्हवर घ्यायचं, कॉम्प्युटरवर चढवायचं आणि पुढचं सापडेपर्यंत त्याचे गोडवे गायचे. माझे दोन्ही कॉम्प्युटर या खेळात मेटाकुटीला आले, तेव्हा माझी नजर आईच्या कॉम्प्युटरवर गेली.

आई शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते. सोबतीला दिवसभर एक बाई असतात. गेल्या वर्षी मेंदूत गुठळी झाली आणि आईची नावं गेली. बाकी सगळं कळतं, बोलतेही, पण नेमकं नाव जिभेवर येत नाही. खुर्चीला ‘बसायचं ते’ म्हणते आणि मला ‘बाळ’. ते बाळ मला फार गोड वाटायचं.

तिच्या स्क्रीनवर चित्रांची नुसती गर्दी होती. फुलं, मांजरं, फोटो, एकाला एक खेटून. मी म्हटलं, "आई, हा काय बाजार मांडलायस?" ती म्हणाली, "असू दे. मला सापडतं."

मी कुठला ऐकतोय! नवं लिनक्स अगदी आटोपशीर होतं. राखाडी पडदा, मधोमध एक चौकट, त्यात लिहिलेलं ‘नाव टाइप करा’. नाव लिहिलं की ती गोष्ट उघडणार. तिच्या सगळ्या फाइली मी नीट जपल्या, फक्त स्क्रीनवरची मांडणी कचरा म्हणून टाकून दिली. आपोआप सुरू होणारे प्रोग्रामही काढले, म्हणजे मशीन कसं हलकं.

"बघ, किती स्वच्छ!" मी म्हटलं.

आईने माझ्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे. "छान आहे," म्हणाली.

नंतर तीन आठवडे ऑफिसच्या कामात मला तिकडे जाता आलं नाही. एरवी आई एक दिवसाआड कॉम्प्युटरवरून कॉल करायची. आता एकही नाही. मला वाटलं, वा, तक्रार नाही म्हणजे सिस्टिम झकास चाललीय! इंटरनेटवरच्या लिनक्सवेड्यांच्या फोरमवर मी तसं लिहूनसुद्धा टाकलं: ‘आईसुद्धा आरामात वापरते.’ चाळीस जणांना ते आवडलं.

मग मावशीचा फोन आला. "ताई माझ्यावर रागावलीय का रे? रोज चारला बोलायची. तीन आठवडे तोंड दाखवलं नाही. मी कॉल केला तर उचलत नाही."

कॉल तिथे वाजतच नव्हता. कॉलचा प्रोग्रामही आपोआप सुरू होणाऱ्यांतलाच, आणि मशीन हलकं केलं होतं ना मी.

तरीही आईकडे जाताना मी मनात वकिली करत होतो. तिने सवय करून घेतली नसेल, मी काय करणार? गेल्या गेल्या विचारलं, "वापरतेस ना?" ती म्हणाली, "छान आहे." ती खरंच वापरतेय, याचा मला पुरावा हवा होता. त्या चौकटीत लिहिलेला शब्द न् शब्द सिस्टिम एका फाइलीत ठेवते. ती मी उघडली.

बहीण. धाकटी बहीण. लाल फूल. चारचं फूल. गाणी ती. बोलायचं ते.

खाली पुढच्या तारखा होत्या.

मुलगा. माझा मुलगा. चष्मा मुलगा. बाळ. बाळ ये. बाळ ये.

प्रत्येक ओळीपुढे एकच उत्तर होतं: सापडलं नाही.

माझ्या कानशिलात कोणी लगावली असती तर बरं झालं असतं. आई तीस वर्षं दवाखान्याच्या रेकॉर्ड रूममध्ये होती. कुठला कागद कुठल्या रॅकवर, कितव्या खणात, हे ती मान वर न करता सांगायची. गुठळीने तिची नावं नेली, जागा नेल्या नव्हत्या. त्या मी नेल्या. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, पण माझ्या शहाणपणात रिकामी झाली ती आई.

"मला सांगितलं का नाहीस?"

"तू किती खूश होतास," ती म्हणाली.

माझे डोळे भरून आले. मी पेन ड्राइव्ह काढला आणि जुनी सिस्टिम परत चढवली. पडदा रिकामाच होता, मांडणी मीच फेकली होती. "आई, नावं सांगू नकोस. नुसतं बोट लाव."

तिने बोट लावलं. इथे फूल, म्हणजे मावशी. त्याच्या खाली मांजर, म्हणजे गाणी. एकदाही अडखळली नाही. एक मांजर मी चुकून बोटभर उजवीकडे ठेवलं, तर माझा हात धरून तिने ते सरकवायला लावलं. शेवटी डावीकडचा वरचा कोपरा उरला. तिथे बोट लावून ती माझ्याकडे बघत राहिली. मी माझा फोटो तिथे ठेवला.

तिने लगेच त्यावर क्लिक केलं. माझ्या खिशात फोन वाजला. मी तिच्या शेजारीच बसलो होतो, पण फोन काढला आणि उचलला.

"बाळ, ये," आई पडद्याकडे बघून म्हणाली.

"आलो, आई."