सातवा कोट

मित्रांनो, मी लाकडाची एक जुनी फळी आहे. माझ्या अंगावर सहा खुंट्या आहेत. वर्किंग्टन नावाच्या गावातल्या एका घराच्या पॅसेजमध्ये, पुढच्या दाराला लागून, मी बावीस वर्षं मुलांचे कोट सांभाळले. त्या दारात जे बोललं जाई ते सगळं माझ्या कानावर पडे. आज सांगणार आहे ते मात्र मी मनातच ठेवलं होतं. बोलायला मला तोंड कुठे होतं?

पाडलेल्या एका चॅपलच्या, म्हणजे छोट्या चर्चच्या, बाकातून आल्फ टॅलेंटायर नावाच्या सुताराने मला घडवलं. त्याची बायको मॉरीन घरात पाळणाघर सुरू करणार होती. ती म्हणाली, "आठ खुंट्या लाव, जरा मोकळं होईल." आल्फने पेन्सिल कानामागे खोचली. "नियम सहाचा आहे ना? मग वरच्या दोन काय माझ्या टोप्या टांगायला?"

नियम असा होता. घरी मुलं सांभाळणाऱ्या बाईने आठ वर्षांखालची सहाच मुलं एका वेळी घ्यायची. त्यातही शाळेत न जाणारी फार तर तीन. स्वतःचं नातवंड असलं तरी तेही मोजायचं. एका बाईला हात दोनच असतात, म्हणून हा नियम. मला तो मनापासून पटे. त्याच्याच मापाने तर मला कापलं होतं.

किती कोट आले आणि गेले! प्रत्येक खुंटीखाली मॉरीन नावाची चिठ्ठी चिकटवी. मूल मोठं झालं की चिठ्ठी निघे, नवी लागे. आल्फ वारला त्या आठवड्यातही तिने पाळणाघर दोनच दिवस बंद ठेवलं. आया म्हणत, मॉरीनकडे मूल सोडलं की कामावर जीव लागतो. आमच्या घराला गावात मान होता.

चौथी खुंटी रोवनची होती. तो आला तेव्हा अकरा महिन्यांचा होता. त्याची आई लॉर्ना पॅटिन्सन वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात कामाला होती. घरात ती आणि तो, दोघंच. तो चालायला आमच्याच पॅसेजमध्ये शिकला. पुढे शाळेत जाऊ लागला तरी सकाळी शाळेआधी आणि दुपारी शाळा सुटल्यावर तो आमच्याकडेच असे. मॉरीनला तो 'मो' म्हणे, आणि 'तू' म्हणे. घरच्या माणसाला हाक मारावी तसा, अगदी हक्काने. माझ्या खुंटीला लोंबकळून त्यानेच ती ढिली केली होती, पण मला त्याचा राग कधी आला नाही.

मग एका सप्टेंबरात मॉरीनची मुलगी जेमा संसार मोडून माहेरी आली. तिच्या कडेवर दोन वर्षांची एफी होती. जेमाला नोकरी मिळाली आणि एफी आजीजवळ राहू लागली. आता शाळेत न जाणारी तीन मुलं झाली आणि शाळेतली चार. एकूण सात. कुणाला तरी जावं लागणार होतं.

कुणाला, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. लहान मुलं दिवसभर असतात. शाळेतलं मूल सकाळी दीड तास आणि दुपारी दोन तास. ते गेलं तर पाळणाघराचं नुकसान सर्वांत कमी होतं. म्हणून अशा वेळी आधी शाळेतलीच मुलं निघतात. चौघांत रोवन मोठा होता. पण त्यातही एक गंमत होती, आणि ती फार कडू होती. मार्चमध्ये तो आठ वर्षांचा झाला असता, आणि मग नियमाने त्याला मोजायचंच नव्हतं. फक्त सहा महिन्यांचा प्रश्न होता.

लॉर्ना दारात उभी राहून म्हणाली, "मार्चपर्यंतच, मो. तुमच्या हाताखाली वाढलाय तो. आता कुठे नेऊ? शाळेतलं मूल म्हटलं की बाकी सगळ्याजणी नाही म्हणतात."

मॉरीनने चौथ्या खुंटीवरच्या कोटाकडे पाहिलं. मग म्हणाली, "आण त्याला. मार्चपर्यंत मी निभावून नेईन."

"नक्की? मला सकाळी सातची पाळी कायमची मिळतेय. तुमच्या भरवशावर हो म्हणते."

"शब्द दिला तुला."

तेव्हापासून रोवनच्या कोटावर एफीचा लाल कोट टांगला जाऊ लागला. सहा खुंट्यांवर सात कोट. मी ते वजन आनंदाने पेललं. नियम मोडतोय हे मला कळत होतं, पण दिलेला शब्दही मला तेवढाच मोठा वाटत होता.

नोव्हेंबरात एका दुपारी पाळणाघरांची नोंदणी करणाऱ्या कार्यालयातून फोन आला. तपासनीस बाई उद्या सकाळी आठला येणार होत्या. मॉरीनने रिसीव्हर ठेवला आणि ती जिन्याच्या पायरीवर बसून राहिली. थोड्या वेळाने लॉर्ना रोवनला न्यायला आली. मला वाटलं, आता ती सांगेल. ती फक्त म्हणाली, "बाहेर गारठा आहे, त्याला टोपी घाल."

दुसऱ्या दिवशी साडेसहाला लॉर्नाने रोवनचा हात मॉरीनच्या हातात दिला आणि ती धावत बस पकडायला गेली. साडेसातला मॉरीन पॅसेजमध्ये आली. तिने रोवनचा कोट काढून त्याच्या अंगात घातला, बटणं लावली.

"आज तू मोठा मुलगा. आज एकटा शाळेत जायचं."

"आणि बाकीचे?"

"ते माझ्याबरोबर येतील."

रोवनने तिच्याकडे पाहिलं. "मी काय केलं, मो?"

"काही नाही रे राजा. जा, रस्ता बघून ओलांड."

दार लागलं. मग तिने चौथ्या खुंटीखालची त्याच्या नावाची चिठ्ठी नखाने खरवडून काढली आणि एफीचा कोट तिथे नीट टांगला.

तपासनीस बाई आल्या. त्यांनी मुलं मोजली, माझ्यावरचे कोट पाहिले आणि म्हणाल्या, "किती नीटनेटकं ठेवलंय." आयुष्यभर मी कौतुक ऐकलं होतं, पण त्या दिवशीचं कौतुक मला सहन झालं नाही. मित्रांनो, मी खोट्याची साक्षीदार झाले होते.

पुढचं मला नंतर दारातल्या बोलण्यातून कळलं. शाळेचं फाटक आठ चाळीसला उघडतं. रोवन तिथे बर्फाळ पावसात जवळजवळ तासभर उभा होता. शाळेच्या शिपायाला तो भिजलेला दिसला. त्याने त्याला बॉयलरच्या खोलीत नेऊन बसवलं. शाळेने लॉर्नाला फोन केला.

ती दुपारी स्वयंपाकघराच्या अ‍ॅप्रनवरच आली आणि उंबऱ्याबाहेर थांबली. मॉरीन सांगत होती, सात मुलं दिसली असती तर पाळणाघराची नोंदणी गेली असती, बाकी सहाही मुलांची घरं उघड्यावर पडली असती.

"म्हणून सातवं पाडलंत," लॉर्ना म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "काल मला सांगायचं होतं. मी रजा घेतली असती. नोकरी सोडली असती. पण तुम्ही आज हसून त्याचा हात धरलात."

त्याच संध्याकाळी मॉरीनने स्वतः त्या कार्यालयात फोन करून सगळं कबूल केलं. तिला लेखी ताकीद मिळाली, नोंदणी मात्र राहिली. लॉर्नाने सातची पाळी सोडली आणि शाळेच्या वेळात बसेल असं, कमी पगाराचं काम धरलं.

मार्च आला. रोवनच्या वाढदिवसाला मॉरीनने कार्ड पाठवलं. त्याचं उत्तर आलं नाही. एप्रिलमध्ये मायलेक दारात आली. रोवनचे गमबूट आमच्याकडे राहिले होते.

मॉरीनने ते पुसून आणले. "आता तू आठ वर्षांचा झालास. आता तुला मोजायचं नाही, बाळा. कधीही येत जा."

रोवनने एक बूट आपल्या पायाशी लावून पाहिला. तो लहान झाला होता. त्याने दोन्ही बूट परत तिच्या हातात दिले.

"ठेवा तुम्ही. दुसऱ्या कुणाला तरी होतील, मिसेस टॅलेंटायर."

तो तिला 'तुम्ही' म्हणाला. ती दोघं वळणापलीकडे गेली तरी मॉरीन बूट घेऊन दारात उभी होती.

दोन वर्षांनी तिने पाळणाघर बंद केलं. आता मी मागच्या शेडमध्ये आहे. माझ्यावर दंताळं आणि कुत्र्याचा पट्टा टांगलेला असतो. ओलीने मी फुगले आहे. त्याची माझी तक्रार नाही.

मित्रांनो, उद्या तुमच्या हाती कुणी आपलं माणूस सोपवेल. जागा नसेल तर नाही म्हणा. शब्द मोडावा लागला तर आदल्या दिवशी, तोंडावर सांगा. आणि तुमच्यापैकी कुणी मोठेपणी नियम लिहायला बसलं, तर जरूर लिहा, मुलांना नियम हवेतच. फक्त मोजणीबाहेर राहिलेलं मूल त्या वेळी कुठे उभं असतं, ते एकदा पावसात जाऊन पाहून या.