मनोऱ्यावरचं आमेन

महायुद्ध जिंकून अमेरिका जगाची थोरली झाली आणि तेव्हापासून तिची सुखाची झोप गेली. रशियाची विमानं कधी डोक्यावर येतील याचा नेम नाही, म्हणून सरकारनं गावोगावच्या माणसांना आकाश राखायला बसवलं. मिशिगनमधल्या एल्मफर्ड या काळ्या शेतकऱ्यांच्या गावात हे काम मेथडिस्ट चर्चच्या घंटेच्या मनोऱ्यावरून चाले. वर एक खुर्ची, एक दुर्बीण आणि लष्कराच्या केंद्राला जोडलेला फोन.

ओडेसा पेटिफर्डबाईंनी तीन वर्षांत एकही पाळी चुकवली नव्हती. त्यांचा मुलगा वेंडेल कोरियातल्या युद्धातून पदक घेऊन परतला, तेव्हा वाटेत दक्षिणेतल्या एका बसथांब्यावर त्याला गणवेशात असूनही कॉफी नाकारली होती. तरी तू पहारा का देतेस, असं कुणी विचारलं की त्या म्हणत, "त्या कॉफीवाल्याचं छप्परही याच आकाशाखाली आहे. आता काय करणार?"

पण त्या रविवारी बाईंचा जीव दोन ठिकाणी अडकला. म्हातारे पाळक ल्यूशस स्टॉलवर्थ यांना अजून प्रवचन झेपतं का, हे बघायला बिशप येणार होते. पाळकांच्या निवृत्तीचं पत्र बिशपांच्या खिशात तयार आहे, अशी कुजबुज होती. पाळक बोलत बोलत गाऊ लागत. पण समोरून ओडेसाबाईंनी झील धरल्याशिवाय त्यांचा सूर वर चढतच नसे. आणि नेमका पहाऱ्याचा ॲम्ब्रोज संधिवातानं आडवा झाला. त्याची पाळी बाईंवर आली.

पाळक काकुळतीला आले. "ताई, तुमच्या आमेनवाचून मी नुसता वाचतो हो."

"देशाला शब्द दिलाय, पाळकसाहेब," बाई म्हणाल्या. "पण मनोऱ्याची झडप उघडी ठेवते."

प्रवचन बायबलमधल्या एलीयावर, त्याला स्वर्गात नेणाऱ्या अग्निरथावर होतं. पहिली दहा मिनिटं रथ जागचा हलेना. मंडळी बिशपांसमोर अंग चोरून बसलेली. बिशपांनी दोनदा घड्याळ पाहिलं. तेवढ्यात छतातून आवाज आला, "आमेन! चढा, पाळकसाहेब, चढा!"

पाळकांनी वर पाहिलं आणि गळा मोकळा सोडला. मंडळी डोलू लागली. खाली सूर लागला आणि वर, उत्तरेकडून, घरघर ऐकू आली.

बाईंनी एका हातानं दुर्बीण धरली, दुसऱ्यानं फोन. खालच्या गजरात पलीकडच्या अधिकाऱ्याला ऐकू जावं म्हणून त्या ओरडून सांगू लागल्या, आणि तोंडात तोच सूर असल्यानं सगळं गाण्यातच आलं.

"एकच आहे!"

"एकच!" खालून दोनशे कंठ म्हणाले.

"इंजिनं दोन! फार उंच!"

"अजून उंच!"

"पूर्वेला चाललंय!"

"पूर्वेला चालला," पाळकांनी तान घेतली, "एलीयाचा रथ पूर्वेला चालला!" आणि चर्च उठून उभं राहिलं.

फोनवरचा अधिकारी गोंधळला. "बाई, तिथं बघणारे किती जण आहेत?"

"बघणारी मी एकटी," बाई म्हणाल्या. "बाकीचे दुजोरा देताहेत."

चौकशी करून तो म्हणाला, की काळजी नको, ते टपालाचं विमान आहे. फोन ठेवायला बाईंनी हात नेला, तर तोच घाईघाईनं म्हणाला, "ठेवू नका. रथ वर पोचला का, तेवढं कळू द्या."

रथ पोचला, तेव्हा बारा वाजून गेले होते.

पुढच्या पाळीचा माणूस आल्यावर ओडेसाबाई गळ्यात दुर्बीण घेऊन उतरल्या. देवाच्या घरात विमानाची वर्दी ओरडून दिली. आता पाळकांचं आपल्यामुळेच वाटोळं होणार. दाराशी बिशप उभे होते, घामानं निथळत.

"वरून बोलत होतं ते कोण?"

"मीच. ॲम्ब्रोजचा पाय संधिवातानं धरलाय, म्हणून त्याच्या जागी पहाऱ्यावर होते."

बिशपांनी हातातला कागद पुढे केला. प्रवचन रंगल्यावर उकाडा असह्य झाला, हाताशी पंखा नव्हता, म्हणून खिशातला सापडेल तो कागद काढून त्यांनी तासभर वारा घेतला होता. निवृत्तीचं पत्र घड्या पडून, भिजून, चिंधीसारखं लोंबत होतं. शाई कॉलरपर्यंत उडाली होती.

"यावर आता सही कशी करणार?" ते म्हणाले. "पुढच्या वर्षी येतो. ॲम्ब्रोजला म्हणावं, पाय सावकाश बरा होऊ दे."